मेहबूबखाँच्या ओसरीवर

डोळे मिटा आणि जळगाव स्टेशनात उतरा. एकोणिसावं शतक सरत आलंय. बाहेर कापसाच्या बैलगाड्यांची रांग लागली आहे, उडालेली रुई तुमच्या बाहीला चिकटते. ‘कुठे चालला भो?’ गाडीवान विचारतो. सांगा, खाँसाहेबांकडे.

चपला बाहेर काढा, भिंतीला टेकून बसा. आत नऊ-दहा वर्षांचा नारायण राजहंस मांडी घालून बसलाय. आप्तांकडे जळगावला राहायला आलेला पोर. खाँसाहेब तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखालचा दोरा केसभर सरकवतात. बोथट वाजणारी तार एकदम बोलू लागते. मग षड्ज. पोराचा सूर जरा उतरला की पुन्हा तोच षड्ज. पुन्हा. तुम्हाला कंटाळा येईल, त्याला येत नाही. हाच मुलगा पुढे बालगंधर्व होणार, हे या घरात फक्त तुम्हाला ठाऊक आहे. बोलू नका, ऐका.

हा काळच खाँसाहेबांच्या मुक्कामांचा. बिजनौरकडचे छज्जूखाँ, नजीरखाँ, खादिम हुसेनखाँ हे भाऊ मुंबईत भेंडीबाजारात स्थिरावलेत. राजस्थानातल्या उनियाऱ्याचे अल्लादियाखाँ १८९५ मध्ये शाहू महाराजांच्या कोल्हापुरात आले. भास्करबुवा बखले बडोद्याला फैजमहंमदखाँकडे शिकले, मग नत्थनखाँकडे आणि अल्लादियाखाँकडेही. ही सगळी विद्या त्यांनी १९१६ च्या ‘स्वयंवर’ नाटकाच्या चालींत ओतली, आणि ती गायला नारायणराव होते. ख्यालाच्या बैठकीला कधी न गेलेला माणूस भीमपलास आणि यमन गुणगुणत घरी गेला. मराठी माणसाचा कान असा घडला. परमुलखातून आलेल्या उस्तादांचं हे ऋण आपण पुरेसं बोलून दाखवत नाही, असं मला मनापासून वाटतं.

त्यातही दरबारी गवयांची नावं पुस्तकांत राहिली. जळगावच्या मेहबूबखाँचं नाव मात्र बालगंधर्वांच्या चरित्रात एका ओळीपुरतं येतं. गळा कोवळा असताना त्याला सुरांवर आणणं हे काय लहान काम आहे?

जळगावात दर जानेवारीला बालगंधर्व संगीत महोत्सव भरतो. यंदा गेलात तर तंबोरे जुळत असताना मेहबूबखाँची आठवण काढा. शेजारी बसलेल्यालाही त्यांचं नाव सांगा.