बंदी कोण घालतं, तपासतं कोण?

अमुक संघटना दहशतवादी म्हणून जाहीर झाल्याची बातमी आली की आमच्या रत्नागिरीत नाक्यावर वाद ठरलेला. यांच्यावर बंदी, मग त्यांच्यावर का नाही? पण हा शिक्का मारतं कोण आणि तो तपासतं कोण, हे कुणी विचारत नाही. म्हणून थोडा इतिहास.

१९०८. रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्यांना जुलैमध्ये राजद्रोहाची शिक्षा झाली. त्याच डिसेंबरात इंग्रजांनी संघटना बेकायदा ठरवण्याचा कायदा आणला. सरकारला वाटलं की झालं! जानेवारी १९०९मध्ये ढाक्याच्या अनुशीलन समितीवर बंदी आली.

इंग्रज गेले, कायदा राहिला. १९५०मध्ये मद्रास सरकारने त्यात सल्लागार मंडळाची सोय केली आणि एका संस्थेवर बंदी घातली. व्ही. जी. रो सुप्रीम कोर्टापर्यंत लढले. १९५२मध्ये कोर्टाने सांगितलं, मंडळाची एकतर्फी तपासणी म्हणजे न्यायालयीन चौकशी नव्हे.

म्हणूनच १९६७च्या यूएपीएमध्ये हायकोर्टाच्या न्यायाधीशांचं न्यायाधिकरण आलं. सरकारने बंदी घालायची, पण सहा महिन्यांत त्यांनी ती तपासायची. हे नुसतं कागदावर नव्हतं. ऑगस्ट २००८मध्ये न्यायाधिकरणाने पुरावा अपुरा म्हणून सिमीवरची बंदी उठवली. दुसऱ्याच दिवशी सुप्रीम कोर्टाने त्याला स्थगिती दिली.

मात्र २००४मध्ये पोटा रद्द करताना त्यातली दहशतवादी संघटनांची यादी यूएपीएत आणली गेली. या यादीला न्यायाधिकरण नाही. केंद्राची खात्री पटली की अधिसूचना निघते. जून २००९मध्ये भाकप (माओवादी) तिच्यात गेली. हरकत असेल तर अर्ज केंद्राकडेच करायचा. तो फेटाळला तर पुनर्विलोकन समिती. तिचा अध्यक्ष हायकोर्टाचा आजी-माजी न्यायाधीश, पण नेमणूक केंद्राची.

गडचिरोलीत जवानांचे बळी गेलेत, ते खोटं नाही. सरकारने हातावर हात ठेवून बसावं असं कोण म्हणेल? पण एकदा नाव यादीत गेलं की संघटनेशी संबंधाच्या नुसत्या आरोपावरही जामीन मिळणं महाकठीण. मग शिक्का तपासणारा त्रयस्थ नको का?

आपल्या विधिमंडळाने जुलै २०२५मध्ये विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं. त्यात संघटनेवरची बंदी तपासणार कोण? सल्लागार मंडळ. १९५२चा निकाल पुन्हा वाचायला हवा, आज सत्तेत आपला पक्ष असो वा नसो.