डब्यातले चार आणे

आम्ही करंजाड्यातल्या बचत गटाच्या बायका. परवाच्या बैठकीत सुटे मोजताना एका काकूंच्या डब्यातून पंचवीस पैशांचं नाणं निघालं. साल १९८०. ‘ग्रामीण महिलांची प्रगती’ हा विषय घेऊन सरकारने त्या वर्षी काढलेलं!

पंचवीस पैशांना आपण चार आणे का म्हणायचो? पूर्वी रुपयाचे सोळा आणे असत. १ एप्रिल १९५७ पासून शंभर पैसे झाले. हिशेब बदलला, बोली तीच राहिली. सालाखाली चौकटीसारखा ठिपका असेल तर नाणं मुंबईच्या टांकसाळीतलं, चांदणी असेल तर हैदराबादचं.

३० जून २०११ पासून चार आणे चलनातून गेले, म्हणून बचतीत धरता आले नाहीत. काकू म्हणाल्या, “फोनवर एक जण याचे लाख देतो म्हणतोय. आधी हजार भरायचेत. गटातून कर्ज द्या.” आम्ही अडवलं. अशा फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेनेही २०२१ मध्ये सावध केलंय.

काकूंनी नाणं नातीला दिलं. म्हणाल्या, “आपल्यासारख्या बायकांसाठी नाणं निघालं होतं, तिला कळू दे.”