अग्निशामकाचा अंगरखा

राजापूर म्हटलें कीं इतिहासाच्या वाचकास इंग्रजांची वखार आठवते. १६४९ च्या सुमारास ती येथें स्थापन झाली. १६६० मध्यें पन्हाळ्याच्या वेढ्यांत वखारवाल्यांनीं सिद्दी जौहरास साह्य केलें, आणि १६६१ मध्यें शिवाजीमहाराजांनीं त्यांस त्याचें शासन केलें. ही कंपनी विलायतेहून जो माल हिंदुस्थानांत आणीत असे, त्यांत बनात, म्हणजे जाड लोकरी कापड, प्रमुख होतें. आमच्या उष्ण देशांत त्यास गिऱ्हाईक बेताचेंच मिळे. परंतु त्या कापडाचा एक गुण व्यापाराच्या इतिहासांत सहसा सांगितला जात नाहीं. तें सहजासहजीं पेट घेत नाहीं. म्हणूनच आगीशीं झुंजणाऱ्या माणसाचा अंगरखा पुढें अनेक पिढ्या लोकरीचाच राहिला.

हा गुण आमच्या घरांतील वृद्ध स्त्रियांसहि ठाऊक होता. चुलीपाशीं कोणाचा पदर पेटला, तर घोंगडी गुंडाळावी, हें त्यांस कोणी शिकवावें लागलें नाहीं. सुती वस्त्र भराभर जळत जातें. लोकर करपते, तिचा कोळसा होतो, पण ज्योत पुढें सरकत नाहीं.

तथापि आरंभीं अग्निशामकाचा पोशाख संरक्षणासाठीं नव्हता. १६६६ च्या लंडनमधील महाभयंकर आगीनंतर विमा कंपन्या निघाल्या व त्यांनीं आपापले बंबवाले ठेविले. त्यांचे रंगीबेरंगी डगले आणि बाहीवरील बिल्ले हे कंपनीच्या जाहिरातीचे होते. १८३३ मध्यें जेम्स ब्रेडवुड लंडनच्या बंबखात्याचा प्रमुख झाला, तेव्हां शिस्तबद्ध शिक्षणास महत्त्व आलें. १८६१ मध्यें टूली स्ट्रीटच्या आगींत भिंत कोसळून तो मृत्यु पावला. त्याच्या जागीं आलेल्या मॅसी शॉनें पॅरिसच्या धर्तीवर पितळी शिरस्त्राणें आणलीं. तीं दिसावयास झळझळीत, पण पितळ विजेचें वाहक! घरोघर वीज आली, तेव्हां हें भूषणच घातक ठरूं लागलें आणि तें टाकून द्यावें लागलें. दिसण्याची हौस व जगण्याची गरज यांचें नेहमींच जमतें असें नाहीं.

मुंबईंत १८८७ पासून बंबखातें नगरपालिकेकडे आलें. या खात्याच्या इतिहासांतील काळा दिवस म्हणजे १४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया गोदींत फोर्ट स्टिकिन नांवाच्या जहाजावर कापसाच्या गांठी आणि सुमारें १,४०० टन स्फोटकें एकत्र होतीं. आग विझविण्यासाठीं धांवलेल्यांपैकीं ६६ अग्निशामक त्या स्फोटांत बळी पडले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळला जातो. २०१५ च्या मे महिन्यांत काळबादेवीस जळती इमारत कोसळली आणि मुंबईच्या दलाचे ४ अधिकारी प्राणांस मुकले. स्फोटापुढें किंवा कोसळत्या इमारतीपुढें कोणतेंहि वस्त्र पुरें पडत नाहीं, हें आम्ही प्रांजळपणें मान्य केलें पाहिजे. अंगरख्याचें काम निराळें आहे. तो उष्णतेस रोखून कांहीं मोलाचे क्षण मिळवून देतो.

आजचा अंगरखा लोकरीचा नाहीं. १९६० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत नोमेक्स व केवलार हे तंतु निघाले. ते ज्वाळेनें वितळत नाहींत. अशा तंतूंचा बाहेरचा थर, मध्यें पाणी अडविणारा पडदा आणि आंत उष्णता रोखणारें अस्तर, असे या वस्त्राचे तीन थर असतात. आंतील अस्तर ओलें राहिलें, तर आगीजवळ त्या ओलाव्याची वाफ होऊन अंग भाजतें. म्हणजे वस्त्र कोरडें ठेवणें हा नीटनेटकेपणाचा नव्हे, तर जिवाचा प्रश्न आहे.

काजळीचेंहि तसेंच. पूर्वी काळवंडलेला अंगरखा हें शौर्याचें चिन्ह मानीत. परंतु त्या काजळींत कर्करोगास कारण होणारीं द्रव्यें असतात. २०२२ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनें अग्निशामकाचा व्यवसायच कर्करोगकारक म्हणून निश्चित केला. यास्तव आगीहून परततांच अंगरखा धुवावा, तो घरच्या कपड्यांत मिसळूं नये, धुतांना रंग उडविणारें विरंजक द्रव्य वापरूं नये, फार कढत पाणी घेऊं नये, आणि उन्हांत वाळवूं नये. कारण सूर्यप्रकाशानें हे तंतु दुबळे होतात.

आतां राजापुराकडे पाहावें. अर्जुना व कोदवली या नद्यांचें पाणी पावसाळ्यांत बाजारपेठेंत शिरतें. चार महिने घरांत साधें धोतर वाळत नाहीं. मग सावलींत वाळावयाचा तिहेरी अंगरखा किती दिवस ओला राहील! कोंकणांतील एखाद्या गांवानें अग्निशामकास एकच अंगरखा दिला, तर धुतलेल्या दिवशीं त्यास ओला अंगरखा घालून आगींत जावें लागेल, किंवा तो धुण्याचेंच टाळील. म्हणून प्रत्येकास दुसरा अंगरखा, वारा खेळणारी वाळवणाची छायेची जागा आणि धुण्यासाठीं निराळी सोय, या तीन गोष्टींची तरतूद बंब विकत घेतांनाच झाली पाहिजे. बंब रस्त्यानें घंटा वाजवीत जातो, तेव्हां सर्वांस दिसतो. वाळत घातलेला अंगरखा कोणास दिसत नाहीं. त्याची चौकशी करणें हें आम्हां नागरिकांचें काम आहे.