मोटारीच्या आसनांची निगा : पाणी थोडे, काळजी अधिक

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार पाहण्यासाठी शहरांतून अनेक जण स्वतःच्या मोटारीने जातात. पर्जन्यछायेच्या प्रदेशातील या गावाने पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली (त्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली) पाण्याचा ताळेबंद मांडण्याची शिस्त लावून घेतली. पावसाचे माप घ्यायचे, माणसांच्या व जनावरांच्या पिण्याचे पाणी आधी राखायचे आणि उरलेल्या पाण्यावर पिके ठरवायची, अशी ही पद्धत. तेथून परतल्यावर धुळीने माखलेल्या आसनांवर पाइप सोडणे विसंगत तर आहेच, पण आसनांनाही ते मानवत नाही.

आसनाच्या आतील फोम पाणी शोषून घेतो. वरचे कापड काही तासांत कोरडे भासले तरी आतली ओल टिकून राहते. मग कुबट वास येतो, बुरशी धरते. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात तर हे हमखास घडते. म्हणून प्रथम धूळ कोरडीच काढावी. मऊ ब्रशने शिवणीतील माती मोकळी करून व्हॅक्युम क्लीनर फिरवावा. आधीच ओले फडके लावल्यास बारीक मातीचा चिखल होऊन तो धाग्यांत बसतो. त्यानंतर अर्धी बादली पाण्यात थोडा सौम्य शाम्पू घालून फेस करावा. कापडी आसनावर केवळ फेस लावावा आणि घट्ट पिळलेल्या फडक्याने टिपून घ्यावा.

डाग चोळू नये, कडेकडून मध्याकडे टिपत यावे. रक्त वा दूध सांडल्यास थंड पाणीच वापरावे, कारण गरम पाण्याने हे डाग पक्के होतात. तेलकट डागावर टाल्कम पावडर टाकून काही वेळाने झटकावी. चिकटलेल्या च्युइंगमवर बर्फ धरावा, म्हणजे ते कडक होऊन सुटते. वास राहिल्यास खाण्याचा सोडा रात्रभर भुरभुरून ठेवावा. रेक्झिनला ओलसर फडके पुरते. अस्सल चामड्याला मात्र त्यासाठीचेच क्रीम लावावे, आणि मोटार उन्हात उभी करताना काचेवर पडदा लावावा.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट सुरक्षिततेची आहे आणि नेमकी तीच दुर्लक्षिली जाते. अनेक मोटारींत बाजूची एअरबॅग आसनाच्या पाठीतच असते. आसनाच्या कडेला तशी चिठ्ठी शिवलेली दिसते. तेथील शिवण जाड कव्हराने झाकली गेल्यास एअरबॅग वेळेवर उघडण्यात अडथळा येऊ शकतो. अशा मोटारीसाठी ती बाजू मोकळी ठेवणारे कव्हरच घ्यावे. आसनाखालील तारांच्या जोडण्यांवर पाणी जाऊ देऊ नये, त्या स्वतः सोडवूही नयेत. एअरबॅगच्या जोडण्या बहुधा पिवळ्या असतात. नव्या कव्हराखाली मागच्या पट्ट्यांची कुलुपे गाडून टाकण्याची आपल्याकडील हौस तर अनाकलनीयच म्हणावी लागेल.

सीट बेल्टच्या पट्ट्याला ब्लीच वा तीव्र रसायन लावू नये, धागे कमकुवत होतात. पट्टा पूर्ण बाहेर ओढावा, तो परत जाऊ नये म्हणून चिमटा लावावा, साबणाच्या कोमट पाण्याने पुसावा आणि सावलीत पूर्ण वाळल्यावरच आत सोडावा.