चित्र आधी, उपदेश मागाहून : ‘बालबोधमेवा’

१/ पेण म्हटले की गणेशमूर्ती डोळ्यांसमोर येतात. देव डोळ्यांनी पाहणाऱ्या या महाराष्ट्रात मूर्तिपूजेवर टीका करणारे प्रोटेस्टंट मिशनरी आले. मुलांपुढे मात्र त्यांनीही चित्रच ठेवले.

२/ वातावरण संशयाचे होते. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांचा अल्पवयीन भाऊ श्रीपत यास न्यायालयाने वडिलांच्या स्वाधीन केले. प्रायश्चित्त देऊन त्याला जातीत परत घ्यावे, यासाठी बाळशास्त्री जांभेकर झटले. मिशनशाळा म्हणजे मूल गमावण्याची भीती, असे समीकरण अनेक घरांत रुजले.

३/ १८७२ मध्ये अमेरिकन मिशनने ‘बालबोधमेवा’ हे मुलांचे सचित्र मासिक सुरू केले. बायबलमधील कथांसोबत त्यात इतर गोष्टी आणि माहितीही असे.

४/ मूर्तीपुढे हात जोडले जातात. चित्रापुढे मूल विचारते, ‘हा कोण?’ धर्मोपदेशाला वाट मिळे ती या प्रश्नातून.

५/ कोकणात जन्मलेले आणि १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेले ना. वा. टिळक पुढे या मासिकाशी जोडले गेले. तत्पूर्वीच, १८८१ मध्ये, विनायक कोंडदेव ओकांनी ‘बालबोध’ काढले होते. धर्मांतराचा हेतू समाजाने नाकारला. मुलांसाठी स्वतंत्र मासिक असावे, हा विचार मात्र स्वीकारला.