इफलँड, रियानन
इफलँड, रियानन : (जन्म २२ सप्टेंबर १९९१). ऑस्ट्रेलियाची क्लिफ डायव्हिंगपटू. समुद्रकड्यावरून, पुलावरून किंवा त्यासाठी उभारलेल्या उंच मंचावरून पाण्यात कलात्मक उडी घेण्याच्या या खेळात महिला गटातील सर्वांत यशस्वी खेळाडू म्हणून ती ओळखली जाते. २०१६ ते २०२४ या काळात तिने क्लिफ डायव्हिंगच्या जागतिक मालिकेचे विजेतेपद आठ वेळा मिळवले. जागतिक जलक्रीडा अजिंक्यपद स्पर्धेतील हाय डायव्हिंगची सुवर्णपदके तिने २०१७, २०१९, २०२३, २०२४ आणि २०२५ अशी लागोपाठ पाच वेळा पटकावली.

तिचे बालपण न्यू साउथ वेल्स राज्यातील न्यूकॅसलच्या परिसरात, समुद्रकिनाऱ्यालगत गेले. लहान वयात ती प्रथम ट्रॅम्पोलिन शिकली आणि नवव्या वर्षाच्या सुमारास डायव्हिंगकडे वळली. तलावातील डायव्हिंगमध्ये ऑलिंपिकपर्यंत पोहोचण्याचा नेहमीचा मार्ग तिने पुढे धरला नाही. तिने व्यावसायिक कार्यक्रमांत काम स्वीकारले आणि क्रूझ जहाजांवर होणाऱ्या जलनाट्यांत उंचावरून उड्या मारू लागली. या कामाला क्रीडाजगतात फारशी प्रतिष्ठा नाही. पण तिच्या घडणीत त्याचा वाटा मोठा आहे, असे म्हणायला जागा आहे. जहाजावरचा तलाव लहान असतो, जहाज डोलत असते, वारा दिशा बदलतो आणि तरीही ठरल्या वेळी, प्रेक्षकांसमोर उडी घ्यावीच लागते. क्लिफ डायव्हिंगमध्ये नेमकी हीच परिस्थिती असते.

तिचे यश समजण्यासाठी या खेळाची घडण ध्यानात घ्यावी लागते. परंपरेने त्याचे मूळ हवाई बेटांत सांगितले जाते. अठराव्या शतकात माउईचा राजा काहेकिली लानाई बेटावरील काउनोलूच्या कड्यावरून समुद्रात उडी घेत असे आणि आपल्या योद्ध्यांनाही ती घ्यायला लावत असे, अशी कथा आहे. जागतिक मालिकेच्या विजेत्याला मिळणारा करंडक याच राजाच्या नावाचा आहे. ही मालिका २००९ मध्ये सुरू झाली. महिलांसाठी स्वतंत्र पूर्ण मालिका २०१४ पासून होऊ लागली आणि पहिली दोन विजेतेपदे अमेरिकेच्या रेचेल सिम्प्सनने मिळवली. जागतिक जलक्रीडा स्पर्धेत हा प्रकार २०१३ मध्ये बार्सेलोना येथे दाखल झाला. मालिकेत पुरुष सुमारे २७ मीटरवरून, तर महिला सुमारे २१ मीटरवरून उडी घेतात. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत महिलांचा मंच २० मीटरचा असतो.

ऑलिंपिकमधील सर्वांत उंच मंच १० मीटरचा आहे. तेथून पडणारे शरीर पाण्याला भिडते तेव्हा त्याचा वेग ताशी सुमारे ५० किमी. असतो, २१ मीटरवरून तो ताशी ७० किमी.च्या पुढे जातो. वेगातील वाढ दीडपटीहून कमी दिसते, पण आघाताची ऊर्जा उंचीच्या प्रमाणात, म्हणजे दुपटीहून जास्त वाढते. त्यामुळे डोके आधी पाण्यात जाऊ देणे धोक्याचे ठरते आणि शरीर पायांवर, ताठ उभे पाण्यात शिरावे लागते. हवेत मिळणारा वेळ जेमतेम दोन सेकंदांचा. तेवढ्यात कोलांट्या आणि गिरक्या पूर्ण करायच्या, पाणी कुठे आहे ते पाहायचे आणि पाय खाली आणून शरीर आवळून घ्यायचे. त्यासाठी बहुतेक उड्यांच्या शेवटी ‘बरानी’ नावाची क्रिया केली जाते. अर्धी कोलांटी घेता घेता अर्धी गिरकी मारली की पाणी नजरेच्या टप्प्यात येते आणि पाय खाली येतात. ही क्रिया मुळात ट्रॅम्पोलिनवरची आहे. इफलँडसारख्या खेळाडूला ती लहानपणापासून अंगवळणी पडलेली असते.

प्रत्यक्ष उडीच्या आधीचे काही क्षण पाहण्यासारखे असतात. खाली पाण्यात सुरक्षा पाणबुडे वाट पाहत असतात. पृष्ठभाग आरशासारखा शांत असला तर उंचीचा अंदाज चुकतो, म्हणून त्यावर पाण्याचे शिंतोडे मारून तो मोडला जातो. पाणबुड्यांचा इशारा मिळाला की खेळाडू कडेला येते, पाठमोरी उडी असेल तर टाचा हवेत ठेवून फक्त चवड्यांवर उभी राहते आणि श्वास सोडून उसळी घेते. पाण्यात शिरताना पायांची बोटे ताणलेली, गुडघे जुळलेले आणि हात अंगाला घट्ट चिकटवलेले असावे लागतात. एखादा हात जरी बाहेर राहिला, तरी खांद्याला इजा होऊ शकते. पाण्याबाहेर डोके येताच ती हाताने ‘ठीक आहे’ अशी खूण करते; त्यानंतरच पाणबुडे मागे सरतात.

या खेळाची सर्वांत मोठी अडचण सरावाची आहे. एवढ्या उंचीचे कायमस्वरूपी मंच जगात मोजकेच आहेत. त्यामुळे खेळाडू १० मीटरच्या मंचावर उडीचे तुकडे करून सराव करतात. एकदा उसळी आणि पहिल्या कोलांट्या, एकदा गिरक्या, एकदा शेवटची बरानी. हे तुकडे एकत्र जोडून संपूर्ण उडी घेण्याची संधी बहुतेक वेळा स्पर्धेच्या ठिकाणी, सरावाच्या दिवशीच मिळते. म्हणूनच येथे नव्या खेळाडूला जुन्यांची बरोबरी करायला सहसा काही वर्षे लागतात. इफलँडला ती लागली नाहीत.

२०१६ मध्ये ती मालिकेत वाइल्ड कार्डवर, म्हणजे कायम सदस्यत्व नसताना, उतरली. त्या हंगामाची पहिली स्पर्धा टेक्सासमधील पॉसम किंगडम सरोवरातील हेल्स गेट या कड्यावर झाली आणि ती इफलँडने जिंकली. हंगाम संपला तेव्हा पूर्ण मालिकेचे विजेतेपदही तिच्याकडेच होते. पदार्पणातच विजेती ठरण्याची ही कामगिरी योगायोगाची नव्हती, हे पुढच्या हंगामांनी दाखवून दिले.

२०१७ मध्ये बुडापेस्टला डॅन्यूबच्या काठी, संसदभवनासमोर उभारलेल्या मंचावरून तिने पहिले जागतिक सुवर्णपदक मिळवले. तेथे मेक्सिकोची आद्रियाना हिमेनेस दुसरी आली. दोन वर्षांनी दक्षिण कोरियातील ग्वांगजू येथे, चोसून विद्यापीठाच्या मैदानात, पुन्हा त्याच दोघी पहिल्या दोन जागांवर होत्या. दोन्ही वेळा त्यांच्यातील अंतर एका गुणाहूनही कमी होते. या खेळातील गुणपद्धती पाहिली म्हणजे हे अंतर किती बारीक होते ते कळते. मालिकेत पाच पंच दहापैकी गुण देतात, सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी गुण वगळले जातात आणि उरलेल्या तिघांच्या बेरजेला उडीच्या काठिण्यगुणकाने गुणले जाते. सहसा चार उड्या असतात. आधीच्या उड्यांत काठिण्यावर मर्यादा असते, नंतरच्या उड्यांत खेळाडू आपली सर्वांत अवघड उडी काढतो. एखाद्या पंचाने अर्धा गुण कमी दिला तरी निकाल फिरू शकतो. अशा ठिकाणी दोनदा टिकून राहणे हे धैर्याइतकेच नेटकेपणाचे काम आहे. इफलँडचा खरा गुण हाच नेटकेपणा होय.

तो सर्वांत स्पष्टपणे दिसला २०१९ च्या हंगामात. त्या वर्षी मालिकेच्या सात स्पर्धा झाल्या आणि सातही तिने जिंकल्या. असा निर्दोष हंगाम तोवर पुरुष किंवा महिला, कोणाच्याही नावावर नव्हता. फिलिपिन्समधील एल निदोच्या खडकांनी वेढलेल्या खाडीत हंगाम सुरू झाला. त्यानंतर डब्लिनचे बंदर, मग इटलीतील पोलिन्यानो आ मारे. तेथे खेळाडू एका राहत्या घरातून चालत जाऊन एड्रिआटिक समुद्रावर लोंबणाऱ्या गच्चीवर पोहोचतात. अझोर्स बेटांवर विला फ्रांकाजवळच्या बेटावर उघड्या खडकावरून उडी घेतली जाते. बैरूतला रौशेच्या खडकांजवळ आणि शेवटी बिल्बाओत गुगेनहाइम संग्रहालयाशेजारच्या ला साल्वे पुलावर स्पर्धा होती. त्यांच्या मधली मोस्तारची स्पर्धा वेगळ्या मोलाची. बोस्नियातील नेरेत्वा नदीवरचा तेथील जुना पूल १५६६ मध्ये बांधला गेला, १९९३ च्या युद्धात तोफांच्या माऱ्याने पडला आणि २००४ मध्ये पुन्हा उभा राहिला. त्यावरून नदीत उडी घेणे ही शहरातल्या तरुणांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. पुलाची उंची महिलांच्या मंचाच्या जवळपास असल्याने त्यांना जवळजवळ पुलावरूनच उडी घेता येते. पुरुषांसाठी वर वेगळा मंच बांधावा लागतो. नदीचे पाणी भर उन्हाळ्यातही थंडगार असते. खारे पाणी, गोडे पाणी, लाटा, वारा, कातळ आणि पोलादी मंच यांतले काहीही बदलले तरी एकाच खेळाडूचा हात वर राहावा, हे या खेळात फार दुर्मीळ आहे.

महासाथीमुळे २०२० चा हंगाम रद्द झाला. २०२१ मध्ये तिने पाचवे विजेतेपद मिळवले. २०२२ च्या हंगामाची अखेर सिडनी बंदरात, मायभूमीच्या प्रेक्षकांसमोर झाली आणि सहावा करंडक तिने तेथे स्वीकारला. पुरुषांत गॅरी हंटचे दहावे विजेतेपदही त्याच ठिकाणी निश्चित झाले. याच सुमारास कॅनडाची मॉली कार्लसन तिची मुख्य प्रतिस्पर्धी म्हणून पुढे आली. कार्लसनच्या येण्याने महिला गटातील उड्यांचे काठिण्य वाढले. इफलँडलाही केवळ नेटकेपणावर अवलंबून राहणे परवडणारे नव्हते. या चुरशीने खेळाचे भलेच केले. २०२३ मध्ये फुकुओकाच्या मोमोची किनाऱ्यावर आणि २०२४ मध्ये दोहाच्या जुन्या बंदरात, जागतिक अजिंक्यपदाच्या दोन्ही स्पर्धांत इफलँडला सुवर्ण आणि कार्लसनला रौप्य मिळाले. २०२४ चे मालिकेचे विजेतेपद, तिचे आठवे, पुन्हा सिडनीतच ठरले. २०२५ मध्ये सिंगापूरच्या सेंटोसा बेटावरील पालावान किनाऱ्यावर तिने पाचवे जागतिक सुवर्ण जिंकले.

हाय डायव्हिंगचा ऑलिंपिकमध्ये अद्याप समावेश झालेला नाही. त्यामुळे इफलँडची सगळी कारकीर्द जागतिक मालिका, जागतिक अजिंक्यपद आणि त्यांना जोडून होणाऱ्या स्पर्धा यांतच घडली आहे आणि इतकी विजेतेपदे मिळवूनही सर्वसामान्य क्रीडारसिकांना तिचे नाव तुलनेने अपरिचित राहिले आहे. ऑस्ट्रेलियाच्याच झँथिया पेनिसीसारख्या खेळाडू तिच्यामागून या खेळात आल्या आहेत.