रस्त्याच्या पोटात काय आहे?

कापूरहोळच्या फाट्यावर भोरच्या एसटीची वाट बघण्यात माझे बरेच तास गेलेत. समोर पुणे-सातारा महामार्ग. भरलेला ट्रक गेला की पायाखाली बारीक थरथर जाणवते. आजोबांना ती अजिबात आवडायची नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा घरातल्या फळीवरची भांडी वाजली होती. ट्रक गेला की त्यांना तेच आठवायचं. मी हसायचो. पुढे कळलं, आजोबा अगदीच चुकत नव्हते.

१८८५ मध्ये लॉर्ड रॅले या इंग्रज शास्त्रज्ञाने गणिताने दाखवलं, की घन पदार्थाच्या पृष्ठभागालगत एक वेगळीच लाट धावते. भूकंपात तिचा मोठा वाटा असावा, असंही त्याने लिहिलं. तिची गंमत अशी, की लाट जितकी लांब तितकी ती खोल पोचते. आखूड लाट वरच्या डांबरातच राहते, लांब लाट खडीखालच्या मातीपर्यंत जाते. आणि थर जितका ताठ, तितका तिचा वेग जास्त. म्हणजे वेगवेगळ्या लांबीच्या लाटांचे वेग मोजले, की कुठला थर कच्चा आहे ते रस्ता न खणता कळतं.

१९५० च्या दशकात नेदरलँड्स आणि ब्रिटनमधल्या संशोधकांनी हे करून पाहिलं. रस्त्यावर कंपन करणारं यंत्र ठेवायचं, सेन्सर थोडा थोडा सरकवत लाटेची लांबी मोजायची. भलतंच वेळखाऊ काम. १९८० च्या सुमारास टेक्सास विद्यापीठात केनेथ स्टोको आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी हातोडा घेतला. एका ठोक्यात अनेक लांबीच्या लाटा उठतात. दोन सेन्सर त्या टिपतात, संगणक त्या वेगळ्या करतो.

आपल्याकडे १९८१ मध्ये भारतीय रस्ते काँग्रेसने बेंकेलमन बीमची नियमावली काढली. भरलेल्या ट्रकच्या मागच्या जोडचाकांमध्ये लांब दांडी घालायची, ट्रक पुढे नेला की रस्ता किती उसळून वर आला ते वाचायचं. साधं, स्वस्त. पण रस्ता एकूण किती दबतो एवढंच ते सांगतं. दोष डांबरात की मातीत, हे नाही.

आमच्या गावच्या वळणावर दर पावसाळ्यात एकाच जागी खड्डा पडतो. बाबांची स्कूटर तिथेच घसरली. मनगटात अजून सळई आहे. त्यानंतर तीनदा वरून डांबर ओतलं. खाली काय झालंय, ते कुणी तपासलं नाही. बाबा अजूनही त्या वळणावर उतरून स्कूटर ढकलत नेतात.